हजेरी कुणाकडे लावायची?

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरे

ऑगस्ट जवळ आला की या सदराकडे येणारी पत्रं बदलतात. एरवी सातबारा, वाटणीपत्र, भाडेकरू, पोटगी हेच विषय. यंदा मात्र बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली: देश स्वतंत्र झाला म्हणजे त्यातला माणूसही झाला का? मी आयुष्यभर फौजदारी कोर्टात उभी राहिले, त्यामुळे माझं उत्तर तिथूनच येणार. मी प्रत्येक वेळी एकच बघते. या माणसाला घराबाहेर पडायला, चार माणसांत बोलायला, स्वतःच्या कमाईला हात लावायला कुणाची परवानगी काढावी लागते?

प्रश्न: वकीलताई, आमच्या कॉलेजात पंधरा ऑगस्टला वक्तृत्व स्पर्धा आहे. विषय आहे, देशाचं स्वातंत्र्य आणि माणसाचं स्वातंत्र्य. सर म्हणाले, दोन्ही एकच, उगाच फाटे फोडू नकोस. माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मली. ती म्हणते, "पंधरा ऑगस्ट तुमचा, आमचा एकतीस ऑगस्ट." कुणाचं खरं धरू?
— अकरावीतली एक वाचक, बार्शी

उत्तर: आजीचं धर. आणि भाषण लिहायच्या आधी एक संध्याकाळ तिच्याजवळ बस, कारण ती सांगेल ते पाठ्यपुस्तकात फार थोडं आलेलं आहे.

तुझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना ठाऊक नसेल म्हणून मुळापासून सांगते. इंग्रज सरकारनं १८७१ साली 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ साली मुंबई-मद्रासकडेही आला आणि १९२४ साली सगळं एकत्र करून पक्का झाला. आपल्याकडचे कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, रामोशी, वडार, बंजारा, छप्परबंद, बेरड असे कितीतरी समाज कुठे ना कुठे त्याच्या कचाट्यात सापडले. सरकारनं राजपत्रात एखाद्या जमातीचं नाव छापलं की त्या जमातीतलं जन्मलेलं मूलसुद्धा गुन्हेगार. चोरी केलीय का, कोर्टानं दोषी ठरवलंय का, हा प्रश्नच नाही. आणि ही घोषणा चूक आहे असं म्हणायला कोर्टात जायची सोयही कायद्यानंच बंद केलेली होती. मी वकील आहे, मला हे कलम आजही वाचवत नाही.

या लोकांनी काय केलं होतं? लमाण बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य देशभर वाहून नेत. रेल्वे आली, त्यांचा धंदा बसला. कैकाडी टोपल्या, कणग्या विणत, त्यांचा फोक आणि वेत रानातून यायचा; जंगल कायदे आले, रान सरकारी झालं. १८५७ नंतर तर गावोगाव हिंडणारा प्रत्येक माणूस साहेबाला संशयित दिसू लागला. बापाचा धंदा मुलाकडे येतो तसा गुन्हाही येतो, असा युक्तिवाद तेव्हाच्या अंमलदारांनी केला. जातीची उतरंड आपली होती. साहेबानं तिच्यावर पोलिसाचा शिक्का मारला.

आता सेटलमेंट. सोलापुरात तारेचं कुंपण घातलेली वस्ती होती. त्या भागाला आजही गावात सेटलमेंटच म्हणतात, पत्त्यातसुद्धा 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असं लिहितात. आत राहणाऱ्यांची हजेरी व्हायची, बाहेर पडायचं तर दाखला लागायचा, बोटांचे ठसे द्यावे लागायचे. सोलापूरच्या गिरण्यांना कामगार हवेच होते, ते इथून मिळाले. मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवायचा अधिकारही १९२४ च्या कायद्यानं सरकारला दिला होता.

वकिली नवी होती तेव्हा एका अशिलाची म्हातारी आई माझ्या ऑफिसात यायची. तारीख पडली की बाकावर बसून राहायची आणि बोलायची. तिनं सांगितलेली एक गोष्ट मला शब्दशः आठवते. तिचा थोरला भाऊ मोहोळकडे वारला. निरोप सकाळी आला. दाखल्यासाठी ती ऑफिसच्या दारात उभी राहिली. साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी साहेब आले, त्यांनी विचारलं, कोण वारलं, कशानं वारलं, किती वाजता परत येणार, तिथे कुणाकडे हजेरी देणार. दाखल्यावर सही झाली तेव्हा भावाचा तिसरा झालेला होता. "राखेचं दर्शन घेऊन आले बाई," म्हणायची, "आन् तीबी घाईघाईत. दिवस मावळायच्या आत हजेरीला यायचं व्हतं."

मी तिला विचारलं, पंधरा ऑगस्टला काय केलंत? म्हणाली, झेंडा बघितला. मोठा होता. पोरांना साखर वाटली. आणि संध्याकाळी हजेरी झाली.

तुझ्या सरांना हे सांग. १५ ऑगस्ट १९४७ ला आपल्यावर राज्य करणारं परकं सरकार गेलं. ती फार मोठी गोष्ट होती, तिला मी तसूभरही कमी लेखत नाही. आपल्याच सोलापुरानं तिच्यासाठी केवढी किंमत मोजली. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, इंग्रजांचा अंमल काही दिवस उठल्यासारखा झाला, मग १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून जाताना माझी मान आजही आपोआप झुकते. पण त्याच शहरात, तिथून फार लांब नाही, हजारो माणसं तारेच्या आत होती, आणि मार्शल लॉ उठल्यावरही त्यांचा हजेरीचा कायदा उठला नाही.

पुढची गोष्ट नीट समजून घे, कारण परीक्षक इथेच प्रश्न विचारतील. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. कलम १९ नं प्रत्येक नागरिकाला देशभर कुठेही फिरायचा हक्क दिला. कलम १३ नं सांगितलं की मूलभूत हक्कांना छेद देणारे जुने कायदे तेवढ्यापुरते रद्द. मग गुन्हेगार जमाती कायदा त्याच दिवशी मेला म्हणायचा? कागदावर तसा युक्तिवाद करता आला असता. पण तो कुणीतरी हायकोर्टात जाऊन करायला हवा. ज्याला तालुक्याला जायला दाखला लागतो, तो हायकोर्टात कसा पोचणार? वकिलाचे पैसे कुठून आणणार? हक्क लिहिलेला असतो आणि तो मागायला जाण्याची वाट दुसऱ्याच्या ताब्यात असते, असं मी पुढे वकिलीत पुन्हा पुन्हा पाहिलं.

सरकारनं अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं १९५० साली कायदा रद्द करण्याची शिफारस केली. मद्रास आणि मुंबई प्रांतांनी आपापल्या पातळीवर त्याआधीच पावलं उचलली होती. पण देशभरातून तो कायदा गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून एकतीस ऑगस्ट हा विमुक्त दिन. तोवर लाखो माणसं स्वतंत्र देशात हजेरी देत होती.

आणखी एक. भाषणात "आमचा समाज गुन्हेगार नव्हता" एवढंच म्हणून थांबू नकोस. त्यात काही माणसांनी चोऱ्या केल्या असतील, तशा कुठल्याही समाजात करतात. चोरी करणाऱ्याला शिक्षा होते ती चोरीची. जन्माची शिक्षा कुणालाच होऊ नये. हे वाक्य आवाज न चढवता म्हण. आजी समोर बसलेली असेल तर बरं.

प्रश्न: मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. दर वर्षी विमुक्त दिनाची भाषणं ऐकतो आणि वाटतं, सगळा दोष आमच्याच माथी. रात्री घरफोडी झाली की लोक सकाळी ठाण्यात येऊन आम्हालाच जाब विचारतात. सराईत गुन्हेगारांच्या नोंदी ठेवल्या नाहीत, रेकॉर्डवरच्या माणसांकडे चौकशी केली नाही, तर तपास करायचा कसा? स्वातंत्र्य म्हणजे चोराला मोकळं रान का?
— एक निवृत्त हवालदार, अहिल्यानगर

उत्तर: हवालदारसाहेब, तुमची तक्रार मी मनापासून वाचली. रात्रगस्त, बंदोबस्त आणि वर साहेबाची बोलणी, हे मी चाळीस फुटांवरून, म्हणजे कोर्टाच्या बाकावरून, पुष्कळ पाहिलंय. नोंदी ठेवाव्याच लागतात. ज्याला खरोखर शिक्षा झालेली आहे, त्याच्यावर लक्ष ठेवायला माझी हरकत नाही.

पण एक सांगा. घरफोडी झाली की पहिली गाडी कुठे जाते? ज्याच्यावर आधीचे गुन्हे शाबित झालेत त्याच्या घरी, की गावाबाहेरच्या पालांवर? तुम्ही इमानदारीत उत्तर द्याल, अशी माझी खात्री आहे.

१९५२ साली जुना कायदा गेला आणि राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडचा 'मुंबई सराईत गुन्हेगार कायदा' १९५९ चा. त्याच्या शब्दांत जात कुठेही नाही. तिथे सराईत ठरतो तो प्रत्यक्ष झालेल्या शिक्षांवरून. कायदा म्हणून हा फरक मोठा आहे. वापरात मात्र तो पुष्कळदा पुसला गेला, कारण माणसं तीच, वस्त्या त्याच, आणि ठाण्यातली समजूतही तीच राहिली.

माझ्याकडे एक पारधी जोडपं आलं होतं. ऊसतोडीवरून परतले, पाल टाकलं, त्याच आठवड्यात जवळच्या गावात दरोडा पडला. नवऱ्याला रात्री उचलला. कुठल्या ठाण्यात नेला, हे त्या बाईला दोन दिवस कुणी सांगेना. तिसऱ्या दिवशी कोर्टापुढे उभा केला तेव्हा अटक "आज पहाटे" दाखवलेली. त्याच्यावर त्याआधी एकही गुन्हा नव्हता. ऊसतोडीच्या मुकादमाची वही आणि कारखान्याच्या वजनकाट्याची चिठ्ठी, एवढाच माझा पुरावा: दरोड्याच्या रात्री त्यानं तोडलेल्या उसाची गाडी काट्यावर होती. चिठ्ठीवर वेळ होती म्हणून तो सुटला. मजूर अशा चिठ्ठ्या सांभाळून ठेवत नाहीत. त्यानं ठेवली, कारण त्याच्या बापानं शिकवलं होतं की आपण कुठे होतो याचा कागद कायम जवळ असू द्यावा. एवढ्या वर्षांनंतरही मुलाला वारशात मिळालं ते हे. मला त्या दिवशी फार लाज वाटली, देशाची नागरिक म्हणून.

संविधानाच्या कलम २२ प्रमाणे अटकेपासून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं असतं, आणि फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याप्रमाणे नातेवाइकाला कळवायचं असतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी अटकेची गरज लेखी दाखवायची किंवा चौकशीला हजर राहण्याची नोटीस द्यायची, हे सुप्रीम कोर्टानं २०१४ साली अर्णेश कुमार खटल्यात बजावलं. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, त्याच कोर्टानं तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवरची कामवाटणी रद्द केली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी आधीचे दंडक पाळावेत, असंही सांगितलं. तारीख पुन्हा बघा, २०२४. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं झाल्यावर हे सांगावं लागलं.

तेव्हा चोराला मोकळं रान मी मागत नाही. तुमच्या वहीत ज्याचं नाव आहे त्याच्या नावापुढे निकालाचा नंबर असावा, एवढंच माझं मागणं आहे. तुमच्यासारख्या माणसानं हे आपल्या जुन्या ठाण्यातल्या नव्या पोरांना सांगितलं, तर माझ्या दहा लेखांपेक्षा ते जास्त पोचेल.

प्रश्न: माझ्याकडे १९४७ सालचा रुपया आहे, त्यावर इंग्लंडच्या राजाचं चित्र आहे. आपण १५ ऑगस्टला स्वतंत्र झालो, मग नंतरही राजा नाण्यांवर कसा? तेव्हा आपण खरोखर स्वतंत्र होतो का?
— नाणी जमवणारा एक वाचक, इंदूर

उत्तर: होतो. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात भारत 'डोमिनियन' होता, म्हणजे कारभार आणि कायदे पूर्ण आपल्या हाती, पण नावाला राजा सहावा जॉर्ज. आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते. नाण्यांवरचा राजा १९५० पर्यंत टिकला, प्रजासत्ताकाची नवी नाणी त्या वर्षी आली. नाण्यावरच्या चित्रानं कुणाची वाट अडवली नाही, म्हणून मला त्याचं फार वाटत नाही. मराठवाड्यातल्या वाचकांना मात्र त्या दिवसांचा हिशेब वेगळा लागतो: तिथे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य आणि रझाकारांची दहशत होती.

प्रश्न: आम्ही मूळ गोव्याचे. माझा पुतण्या पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लिस्बनला नोकरी करतो. तो म्हणतो, "काका, गोवा कधी देश नव्हताच, मग १९६१ ला तो स्वतंत्र कसा झाला? नुसता मालक बदलला." मला राग येतो, पण नेमकं उत्तर सुचत नाही.
— एक निवृत्त शिक्षक, म्हापसा

उत्तर: गुरुजी, रागावू नका, पोराचा प्रश्न चांगला आहे. त्याला १८ जून १९४६ ची गोष्ट सांगा. त्या दिवशी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी सभा घेतली. त्यांनी तिथे पहिल्यांदा मागितलं काय? सभा घेण्याचा हक्क, बोलण्याचा हक्क, छापण्याचा हक्क. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात वर्तमानपत्र सेन्सॉरच्या हाताखालून जायचं, लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी दाखवावी लागायची, असं जुने गोंयकार सांगतात. स्वतःच्या मुलीच्या लग्नाला लोकांना बोलवायचं तर आधी सरकारचा शिक्का. गोव्याची लढाई सुरू झाली ती इथून, माणसाच्या तोंडावरचा हात काढण्यापासून. नकाशाचा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

तेव्हा पुतण्याला म्हणावं, गोव्याला वेगळा देश होण्याची गरज नव्हती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा भारतात आला आणि त्याबरोबर तिथल्या माणसाला मत आलं, वर्तमानपत्र आलं, कोर्ट आलं. १९६७ च्या जानेवारीत गोवेकरांना विचारलं गेलं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, आणि त्यांनी नाही म्हटलं. आपल्याकडे अनेकांना ते लागलं होतं, माझ्या वडिलांनाही. पण विचारलं गेलं आणि उत्तर मानलं गेलं, यातच सगळं आलं. सालाझारनं गोवेकरांना काय हवं ते कधी विचारलं होतं?

आणि आता तुमचा पुतण्या राहतो त्या देशाकडे बघा. पोर्तुगाल कित्येक शतकं स्वतंत्र देश होता, साम्राज्याचा धनी होता. पण १९७४ च्या २५ एप्रिलला लष्कराच्या तरुण अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवेपर्यंत लिस्बनच्या माणसालाही सरकारविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती. गुप्त पोलीस तिथेही होते, सेन्सॉर तिथेही होता. गोव्याच्या माणसाला मोकळा श्वास मिळाला तो लिस्बनच्या माणसाच्या बारा वर्षं आधी. देश स्वतंत्र असून माणूस बंदिवान असू शकतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही, आणि ते तुमच्या पुतण्याच्या खिडकीखालीच आहे.

उलट बाजूही त्याला सांगा. मूळचे सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून राहिलेले मोहन रानडे १९५५ साली बेतीला पकडले गेले, त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं. गोवा १९६१ ला सुटला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्या भूमीसाठी ते लढले ती त्यांच्या आधी सात वर्षं मोकळी झाली होती, आणि ते अजून कोठडीत होते. मला वाटतं, लिस्बनमधल्या गोव्याच्या प्रत्येक पोरानं हे नाव एकदा तरी ऐकावं. पासपोर्ट कुठलाही असो.

प्रश्न: मी नाशिकला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. पगार बेचाळीस हजार. नातेवाईक म्हणतात, तू बाई स्वतःच्या पायावर उभी. पण एटीएम कार्ड सासूबाईंकडे असतं, बँकेला मोबाईल नंबर नवऱ्याचा दिलाय, ओटीपी त्यांच्याकडे जातो. माहेरी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दहा हजार द्यायचे तर चार दिवस घरात अबोला. मला घटस्फोट नको, भांडण नको. मग मी काय करू?
— नाव न छापण्याच्या अटीवर

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण वरची सगळी पत्रं वाचून झाल्यावर ते वाचावं असं मला वाटत होतं. तुमच्याकडे कमाई आहे आणि तिच्यावर ताबा नाही. आईच्या डोळ्यासाठी तुम्ही जो अबोला सोसलात, त्याला मी दाखल्यासाठी दारात उभं राहणंच म्हणते.

भांडण न करता होण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते याच महिन्यात करा. खातं तुमच्या एकटीच्या नावावर असेल तर तुमच्या शाखेत स्वतः जा, आधार आणि पॅन घेऊन जा, मोबाईल नंबर बदलण्याचा अर्ज द्या. नंबर तुमचा झाला की जुनं कार्ड बंद करून नवं मागवा, पत्ता ऑफिसचा द्या किंवा शाखेतून हातात घ्या. नवऱ्याची सही त्याला लागत नाही. बँकेत कुणी "मिस्टरांना घेऊन या" म्हणालं तर शांतपणे म्हणा, तसा नियम लेखी दाखवा. खातं जोडखातं असेल तर तुमच्या नावाचं नवं खातं उघडा आणि पुढच्या महिन्याची पगाराची यादी निघायच्या आत एचआरला नव्या खात्याचं पत्र द्या. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, ही तारीख तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक.

मग घरी सांगा. आधी विचारू नका, झाल्यावर सांगा. घरखर्चाचा तुमचा वाटा किती, तो आकडा कागदावर लिहून नवऱ्यासमोर ठेवा आणि दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता द्या. आपला वाटा चोख देणाऱ्या बाईशी भांडायला कारण सापडणं कठीण जातं. आईचे दहा हजार या वाट्याबाहेरचे, त्यांचा हिशेब कुणाला देऊ नका. सुरुवातीला कुरबूर होईल. पुष्कळ घरांत ती दोन-तीन महिन्यांत निवते, हे मी पाहिलेलं आहे. नवरे बहुतेकदा आईला दुखवायला घाबरतात, त्यांनाही कुणीतरी रेघ ओढून दिलेली हवी असते.

निवली नाही, धमकी आली, पगार हिसकावला, नोकरी सोड म्हणाले, तर मात्र हे लक्षात ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीइतकाच आर्थिक छळही येतो. बाईचा पैसा, तिचं स्त्रीधन तिच्या हाती न ठेवणं हा त्यात मोडतो. या कायद्याखाली घर न सोडता, लग्न न मोडता कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश मागता येतो. अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे करतात, त्यांची माहिती जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका: विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा नंबर आहे. फोन स्वतःच्या नंबरवरून करा, आणि तोवर बँकेतला नंबर बदलून झालेला असू द्या.